राजीनामा सर्वांत शेवटी: चाळिशी-पन्नाशीत लेखनाकडे वळणाऱ्यांसाठी

पूर्णवेळ लिहायचं ठरवलेला नोकरदार बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी राजीनामा, मग नवा लॅपटॉप, मग टेबल खिडकीजवळ सरकवणं, आणि हे सगळं झाल्यावर प्रश्न पडतो की लिहायचं काय. सहा महिन्यांत शिल्लक उतरते, घरात कुजबुज सुरू होते आणि खर्डा बारा पानांवर अडकलेला असतो. हा क्रम उलटा करायचा. राजीनामा ही यातली शेवटची पायरी आहे आणि तिच्याआधी साधारण दीड वर्षाचं काम आहे. ते काम नोकरीत राहूनच होतं, किंबहुना पगार चालू असतानाच नीट होतं.

पहिले नव्वद दिवस: फक्त शब्द मोजा

रोज ४५ मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला ३०० शब्द. तेरा आठवड्यांत हे १९,५०० शब्द होतात. डेमी आकाराच्या, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढ्या मराठी पुस्तकात एका पानावर साधारण २८० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे सत्तरेक पानांचा मजकूर झाला. तो चांगला असण्याची गरज नाही, तो होतो की नाही एवढंच बघायचं आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि शब्दसंख्या, एवढीच नोंद ठेवा.

वेळ सकाळची घ्या. रात्री जेवणानंतर लिहीन म्हणणाऱ्यांचे दुसऱ्या आठवड्यापासून खाडे पडू लागतात, कारण दिवसभराचं ऑफिस डोक्यातून उतरलेलं नसतं. शिफ्ट असेल तर घड्याळाची वेळ धरू नका, उठल्यानंतरचा पहिला तास धरा. लोकल किंवा बसच्या प्रवासात फोनवर टिपणं काढता येतात, सलग खर्डा मात्र क्वचितच होतो. त्यामुळे प्रवासातले शब्द या ३०० मध्ये धरू नयेत.

तेरा आठवड्यांच्या ६५ दिवसांपैकी ४५ तरी भरले तर पुढे जा. २० दिवसच भरले असतील, तर नोकरी सोडल्यावर ते आपोआप ६५ होतील अशी समजूत करून घेऊ नका. मोकळ्या दिवसात लिहिणं जास्त अवघड जातं. पाठीला ऑफिसची वेळ नसली की सकाळचे दहा कधी वाजले हे कळत नाही.

कोणत्या लेखनावर घर चालेल?

इथे भाबडेपणा महागात पडतो, म्हणून आकडे मांडूनच बघू. समजा २०० पानांची कादंबरी, किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला मिळतात १५,००० रुपये. या प्रती खपायला वर्ष लागू शकतं, दोनही लागू शकतात. पूर्वी हजाराची आवृत्ती सर्रास निघे, आता ५०० किंवा त्याहून कमी प्रती काढून मागणीप्रमाणे पुन्हा छापतात. दिवाळी अंकातल्या कथेचं मानधन काही ठिकाणी बरं असतं, काही ठिकाणी नाममात्र, आणि पुष्कळ ठिकाणी अंकाची एक प्रत हेच मानधन.

तेव्हा दोन खाती वेगळी करा. एक मनाचं लेखन: कथा, कादंबरी, कविता, ललित. दुसरं पोटाचं लेखन: अनुवाद, शब्दांकन, उपशीर्षकं, जाहिरातीचा मजकूर, संस्थांच्या स्मरणिका आणि अहवाल, ऑडिओच्या संहिता, मालिकांचे संवाद. या दुसऱ्या खात्याला कमी लेखणारे बरेच असतात. पण शब्दमर्यादा पाळणं, ठरलेल्या तारखेला मजकूर देणं, दुसऱ्याच्या तोंडची भाषा पकडणं हे सगळं तिथेच अंगवळणी पडतं.

अनुवादाचा हिशोब शब्दावर होतो. सराव झाल्यावर इंग्रजीतून मराठीत तासाला ३०० च्या आसपास शब्द होतात, ते पुन्हा वाचून दुरुस्त करण्याचा वेळ वेगळा. दिवसाला १,५०० शब्द, महिन्याला २० दिवस धरले तर ३०,००० शब्द. शब्दाला एक रुपया दर मिळाला असं हिशोबापुरतं धरलं तर महिन्याला ३०,००० रुपये. पण काम सलग येत नाही, म्हणून पहिल्या वर्षी त्याचे निम्मेच धरा. नवख्याने कायदा, वैद्यक, बँकिंग, शेती यांपैकी ज्या क्षेत्रात नोकरी केली त्याच क्षेत्राचा अनुवाद मागावा. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘तारण’ आणि ‘गहाण’ यांतला फरक शब्दकोश उघडून बघावा लागत नाही, आणि काम देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

शब्दांकन म्हणजे दुसऱ्याचं आयुष्य त्याच्या शब्दांत लिहून देणं. उद्योजक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी यांना अशी पुस्तकं हवी असतात. पैसे तीन टप्प्यांत घ्या: मुलाखती सुरू होण्याआधी, पहिला खर्डा दिल्यावर आणि पक्की संहिता देताना. मुलाखतींचे तास आणि दुरुस्तीच्या फेऱ्या आधीच लिहून ठरवा, उदाहरणार्थ १५ तास आणि दोन फेऱ्या. हे ठरलेलं नसलं की सहावी फेरी सुरू असताना ज्यांचं पुस्तक त्यांचे मेव्हणे नवीन आठवणी घेऊन येतात.

मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन निराळी कामं असतात आणि पुष्कळदा तीन निराळी माणसं ती करतात. रोजच्या मालिकेच्या संवादलेखकाला जवळपास दिवसाला एक भाग लिहावा लागतो. पैसे भागावर ठरतात, हातात पडायला दोन-तीन महिने लागतात. लिहिण्याचं काम गावात बसून होतं, बैठका मात्र मुंबईत असतात. पन्नाशीत शिरलेल्या माणसाने कुणा अनुभवी लेखकाच्या हाताखाली सहाय्यक म्हणून सुरुवात करायची तयारी ठेवावी. तो लेखक वयाने तिशीतला असेल हेही गृहीत धरावं. पटकथेची कल्पना कुणालाही ऐकवण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं, म्हणजे पटकथालेखकांच्या संघटनेचं सभासदत्व घेऊन ती लिहिलेल्या स्वरूपात ऑनलाइन नोंदवता येते.

घराचा हिशोब

गेल्या बारा महिन्यांची बँक पासबुकं समोर घ्या आणि खर्चाची सरासरी काढा. अंदाजाने लिहिलेला आकडा नेहमी कमी निघतो, कारण त्यात विम्याचे वार्षिक हप्ते, शाळेची फी, लग्नातले आहेर आणि गाडीचं टायर नसतं. समजा सरासरी ४५,००० आली. चोवीस महिन्यांचे होतात १० लाख ८० हजार. एवढी रक्कम बचत खात्यात, मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात, चट्कन काढता येईल अशी हवी. आजारपणाची तरतूद वेगळी. भविष्य निर्वाह निधी यात धरू नका, ते म्हातारपणाचे पैसे आहेत.

घरकर्जाचा हप्ता चालू असेल तर दोनच सरळ वाटा आहेत: आधी कर्ज फेडायचं, किंवा जोडीदाराच्या पगारातून हप्ता सुटतो का ते बघायचं. आणि आणखी एक गोष्ट, जी आकड्यात बसत नाही पण तारखेत बसते. मूल दहावी-बारावीला असेल ते वर्ष टाळा.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला किमान ५ वर्षांची सलग सेवा लागते. सूत्र असं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ४०,००० मूळ पगार आणि १८ वर्षं सेवा असेल तर सुमारे ४ लाख १५ हजार. यात सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. सेवा १८ वर्षं ५ महिने झाली असताना सोडली तर १८ वर्षांचे पैसे, आणखी दोन महिने थांबलं तर १९ वर्षांचे. या उदाहरणात फरक २३ हजारांचा आहे, म्हणजे वरच्या कादंबरीच्या अख्ख्या आवृत्तीपेक्षा जास्त.

कर्मचारी पेन्शन योजनेत १० वर्षं सेवा झालेली असेल तर पेन्शनचा हक्क राहतो. नोकरी सोडताना योजनेचं प्रमाणपत्र मागून घ्या. पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होतं; पन्नाशीनंतर आधी घेता येतं, पण अलीकडे आणलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी होतं.

आरोग्य विमा हा सगळ्यांत जास्त विसरला जाणारा भाग. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण अर्ज नोकरी सुटण्याआधी करायला हवा. त्याहून बरं म्हणजे दीड-दोन वर्षं आधीच स्वतःची वेगळी पॉलिसी काढणं. मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ (ज्यात त्यांचा खर्च विम्यातून मिळत नाही) जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो आणि तो पगार चालू असतानाच सरकत राहिलेला चांगला.

नोकरीत असताना लिहिलेलं कुणाचं?

प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ प्रमाणे लेखनाचा पहिला मालक लेखक असतो. पण नोकरीचा भाग म्हणून केलेलं लेखन, उलट करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचं होतं. कथा-कविता त्यात येत नाहीत. तरीही ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या ईमेलवरून काही लिहू-पाठवू नका. लॅपटॉप परत करताना दोन वर्षांचा खर्डा त्यातच राहिला, हा अपघात वाटतो तितका दुर्मीळ नाही. नेमणुकीचं पत्र काढून ‘इतर व्यवसाय करणार नाही’ हे कलम शोधा. असेल तर मानधनाच्या कामासाठी लेखी परवानगी मागा.

सरकारी नोकरांसाठी केंद्राचे १९६४ चे आणि महाराष्ट्राचे १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. अधूनमधून केलेल्या साहित्यिक स्वरूपाच्या लेखनाला त्यांत मोकळीक आहे. शासनाच्या धोरणावर टीका करणं किंवा कार्यालयातली माहिती वापरणं यांना नाही. रोजंदारीसारखं नियमित मानधनाचं काम घ्यायचं असेल तर आधी परवानगी काढा. राज्य सरकारी नोकराला २० वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मात्र १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर लागलेल्यांनी आपण कोणत्या निवृत्तिवेतन योजनेत आहोत ते आधी तपासावं. एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजनेतून) वेळेआधी बाहेर पडलं की जमा रकमेतला मोठा हिस्सा वार्षिकीत, म्हणजे ठरावीक काळाने पेन्शन देणाऱ्या योजनेतच गुंतवावा लागतो, हातात रोख फार येत नाही.

हत्यारं: टंकलेखन, लिपी, शुद्धलेखन

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या, फक्त आपल्याच संगणकावर दिसणाऱ्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल संपादकाकडे चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन उघडते, आणि तो ती बंद करतो. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला प्रमाण कळफलक शिकायला तीन आठवडे रोज अर्धा तास पुरतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी साधनं सुरुवातीला सोपी वाटतात, पण ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि जोडाक्षरांत ती अडखळायला लावतात. बोलून टाइप करणं टिपणांसाठी छान; विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर हाताने लावावेच लागतात. पाठवताना वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही जोडा.

शुद्धलेखनाचे नियम एकूण १८ आहेत: मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये जोडलेले ४. एका रविवारी वाचून होतात. चुका ठरलेल्या असतात. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, ‘गुरू’ पण ‘गुरुवर्य’, ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘विहीर’ पण ‘विहिरीत’. निवेदनात ‘असे-केले’ ठेवायचं की ‘असं-केलं’ हे पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. मिसळ झाली की वाचणाऱ्याला ठेच लागते. बोलीत लिहीत असाल तर बोलीलाही नियम असतात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांतली रूपं कधी एक, कधी दुसरी असं चालत नाही. नेहमीच्या शब्दांची एक यादी करून भिंतीला चिकटवा.

काय लिहायचं, याबद्दल थोडं

मध्यमवयात लिहायला लागलेल्याचा पहिला विचार बहुधा आत्मचरित्राचा असतो: जन्म, शाळा, नोकरी, बढती, बदली, निवृत्ती, आभार. हे पुस्तक नातेवाईकही भेट म्हणून घेतात आणि कपाटात ठेवतात. अनोळखी वाचकाला आयुष्याचा क्रम नको असतो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा नमुना खराब निघाला की काय धावपळ होते, दस्त नोंदणीच्या दिवशी भाऊ-बहीण एकमेकांकडे न बघता सह्या कशा करतात, एसटीच्या मुक्कामी गाडीचा वाहक रात्री कुठे झोपतो, हे त्याला कुठे वाचायला मिळत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीने तुम्हाला तीन गोष्टी दिलेल्या असतात: एक बंद जग, त्याची स्वतःची भाषा आणि त्यातली माणसं. तिशीतल्या लेखकाकडे हा साठा नसतो.

एक सराव उपयोगी पडतो. आपल्या कामाच्या जागेवरच्या चाळीस गोष्टींची यादी करा: वस्तू, शिव्या, टोपणनावं, वास, अर्जातली वाक्यं, चहाची वेळ. मग त्यातल्या एकेकीवर एक पान. पाच पानं जिवंत निघाली तर त्यांतच कथेचं बीज असतं. ओळखीची माणसं लिहिताना मात्र नाव बदलणं पुरत नाही. गाव, हुद्दा, घराण्याचा व्यवसाय, शारीरिक खूण यांतलं जे ओळख पटवतं ते सगळं बदला. अब्रुनुकसानीचा दावा नावावर नाही, ओळखीवर उभा राहतो. गोपनीय कागद, रुग्णांची किंवा ग्राहकांची माहिती ही नोकरी सुटल्यावरही वापरता येत नाही.

पहिलं पुस्तक सोडा, पहिल्या वर्षी छोट्या लांबीवर हात बसवा. पुरवणीतला लेख ८०० ते १,००० शब्दांचा, कथा साधारण २,५०० ते ४,००० शब्दांची. नेमून दिलेल्या लांबीत बसवताना काय गाळायचं ते कळतं, आणि नवशिक्याचा मजकूर बिघडतो तो पहिल्या दोन परिच्छेदांत: हवामान, प्रस्तावना, ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’. ते दोन परिच्छेद कापून तिसऱ्यापासून वाचून बघा. दहातल्या सात वेळा लेख तिथूनच सुरू होत असतो.

पाठवणं आणि थांबणं

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची आहे आणि आजही नवख्या लेखकाला इतकं मोठं दार दुसरीकडे नाही. पण ते दार दिवाळीत उघडत नाही. संपादकांची जुळवाजुळव मार्च-एप्रिलपासून सुरू होते, मजकूर जून-जुलैपर्यंत हवा असतो, आणि ऑगस्टनंतर आलेली चांगली कथासुद्धा पुढच्या वर्षावर जाते. म्हणून जानेवारी ते एप्रिल लिहा, मे महिना दुरुस्तीला ठेवा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवा. पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन वर्षांचे अंक ग्रंथालयात चाळा. विनोदी अंकाला शोकांत कथा पाठवणारे दरवर्षी असतात.

एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. उत्तर आलं नाही तर दोन महिन्यांनी एकदा विचारा, नंतर कळवून दुसरीकडे पाठवा. एकच कथा दोन अंकांत छापून आली तर दोन्ही संपादक तुमचं नाव लक्षात ठेवतात, आणि ते बरं नसतं. फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आधी टाकलेला मजकूर पुष्कळ संपादक ‘प्रसिद्ध झालेला’ धरतात. शंभर अंगठे आले म्हणजे शंभर वाचक झाले असंही नाही. त्यात साठ जण ऑफिसमधले असतात.

पुस्तकासाठी प्रकाशक निवडताना आपल्याच कपाटातून सुरुवात करा. तुमच्या प्रकारची पुस्तकं काढणाऱ्या सहा प्रकाशकांची यादी करा. त्यांना पाठवायचं ते असं: ३०० ते ४०० शब्दांचा सारांश, पहिली तीन प्रकरणं, शंभर शब्दांत स्वतःची ओळख, एकूण शब्दसंख्या. पूर्ण संहिता मागितल्यावरच. पुस्तक १६ पानांच्या फॉर्म्यांत (एका मोठ्या कागदाच्या घडीत बसणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत) छापतात, त्यामुळे ५०,००० शब्दांचं पुस्तक सुरुवातीच्या पानांसह १८० पानांच्या आसपास आलं तर प्रकाशक ते १७६ किंवा १९२ पानांत बसवायला बघतो. चार पानं कापायला सांगितली तर तो साहित्यावरचा हल्ला नसतो.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळाची जाहिरात येते, संहिता तज्ज्ञांकडे वाचायला जाते आणि त्यांच्या शिफारशीवर अनुदान मिळतं. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे स्वतंत्र विभाग आहेत, त्यांसाठी वयाने तरुण असावं लागत नाही. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराचा विचार सोडून द्या, त्याला ३५ वर्षांची मर्यादा आहे.

करार वाचताना

‘आम्ही तुमचं पुस्तक काढतो, तुम्ही फक्त ६० हजार भरा’ असं सांगणारे भेटतील. यात बेकायदा काही नाही, पण हा छपाईचा व्यवहार आहे, प्रकाशनाचा नाही. पैसे भरणार असाल तर किती प्रती, कोणता कागद, मुद्रितशोधन कोण करणार, वितरण कोण करणार आणि उरलेल्या प्रती कुणाच्या, हे लिहून घ्या. वितरण लेखकावर असेल तर चारशे प्रती दिवाणाखाली येतात आणि पाहुण्यांना वाटण्यात संपतात. स्वतःच प्रकाशक व्हायचं ठरवलं तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

खऱ्या प्रकाशन करारात या गोष्टी पाहा. हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. पण बहुतेक छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जग’ असं आधीच टाइप केलेलं असतं, ते खोडून ५ किंवा ७ वर्षं लिहायला सांगता येतं. हक्क घेऊन वर्षभरात प्रकाशकाने त्यांचा वापरच केला नाही तर, करारात वेगळं काही नसेल, ते हस्तांतरण संपतं. स्वामित्वधन छापील किमतीवर की सूट वजा जाता रकमेवर, हे स्पष्ट हवं. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के म्हणजे ३० रुपये, ४० टक्के सूट वजा करून धरले तर १८. अनुवाद, ऑडिओ, ई-पुस्तक, चित्रपट यांचे हक्क एकाच ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून देऊ नका, प्रत्येकाला वेगळी ओळ मागा. विक्रीचा हिशोब वर्षातून एकदा लेखी मिळावा हेही घाला.

प्रताधिकार लिहिल्या क्षणापासून असतो, नोंदणी सक्तीची नाही. हवीच असेल तर साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे. स्वतःलाच टपालाने संहिता पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याची जुनी युक्ती नोंदणीची जागा घेत नाही. तारखांसह ईमेल आणि खर्ड्यांच्या जुन्या प्रती त्यापेक्षा उपयोगी पडतात.

कराबद्दल थोडक्यात. एका ठिकाणाहून वर्षाला ५० हजारांहून जास्त मानधन झालं की १० टक्के कापून येतं, ते विवरणपत्र भरून जुळवता येतं. जुनी करपद्धत निवडली तर साहित्यिक पुस्तकांच्या स्वामित्वधनावर ३ लाखांपर्यंत वजावट मिळते. शालेय पाठ्यपुस्तकं आणि गाइडं त्यात बसत नाहीत. पुस्तकं, इंटरनेट, प्रवास यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये टाकत जा.

सोडायचा दिवस आणि त्यानंतरचे सहा महिने

या चार गोष्टी हातात असतील तर तारीख ठरवा: चोवीस महिन्यांचा खर्च, स्वतःचा आरोग्य विमा, पोटाच्या लेखनाची निदान दोन नियमित कामं, आणि पूर्ण झालेला एक खर्डा. शक्य असेल तर आधी बिनपगारी रजा किंवा अर्धवेळ काम मागा. तीन महिन्यांच्या रजेत जे कळतं ते कुणाच्या सल्ल्याने कळत नाही.

घरी बसून काम सुरू झालं की पहिला धोका बाहेरचा नसतो. ‘घरीच तर असतोस’ म्हणत गॅस सिलिंडर, बँकेची कामं, सोसायटीचं सचिवपद आणि मावशींची डोळ्यांची तपासणी हळूहळू तुमच्या नावावर जमा होतात. बायकांच्या बाबतीत हे दुप्पट वेगाने होतं, कारण स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर असतं. सकाळी नऊ ते एक ही वेळ घरच्यांसोबत बसून आधीच ठरवा आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. घर लहान असेल तर जवळच्या ग्रंथालयाची अभ्यासिका बघा. महिन्याची फी किरकोळ असते आणि तिथे कुणी कुकरची शिट्टी मोजायला सांगत नाही.

मनाचं लेखन सकाळी, पोटाचं दुपारी. उलटं केलं तर दुपारी मनाचं होतच नाही. महिन्याच्या शेवटी एक पान: किती शब्द लिहिले, किती ठिकाणी पाठवले, किती पैसे येणं आहे आणि किती आले. ‘येणं आहे’ आणि ‘आले’ यांत पहिल्या वर्षी मोठी दरी दिसते, म्हणून बिल त्याच आठवड्यात पाठवा आणि तीस दिवसांनी आठवण करा. आठवण करायला लाजू नका. हिशेब विभागातला माणूस तुमचा वाचक नसतो.

परतीची रेषासुद्धा आधीच आखून ठेवा. शिल्लक सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत उतरली की अर्धवेळ नोकरी शोधायला लागायचं, शून्यावर आल्यावर नाही. त्यासाठी जुन्या व्यवसायाची कागदपत्रं चालू ठेवावी लागतात: फार्मासिस्टची नोंदणी, परिचारिकेची नोंदणी, वकिलीची सनद, सनदी लेखापालाचं सभासदत्व. नूतनीकरणाच्या तारखा आजच कॅलेंडरमध्ये टाका आणि फी चोवीस महिन्यांच्या खर्चात धरा.